केरळमधील आयुर्वेदीय आरोग्यधामांची वास्तुरचना

आयुर्वेदीय आरोग्यधाम म्हणजे आयुर्वेदीय उपचार, पथ्याहार, योगाभ्यास आणि विश्रांती यांसाठी काही दिवस वा आठवडे निवास करण्याची सोय असलेले ठिकाण होय. केरळ राज्यात अशी अनेक आरोग्यधामे स्थानिक पारंपरिक गृहरचनेच्या आधारे उभारली गेली आहेत. चौक असलेले नालुकेट्टु घर, उतरते कौलारू छप्पर, जांभ्या दगडाच्या भिंती, लाकडी जोडकाम आणि आवारातील तळे ही या रचनेची ठळक अंगे आहेत. पर्यावरणाला कमीत कमी हानी पोहोचवणारी शाश्वत वास्तू या दृष्टीने या परंपरेचा अभ्यास वास्तुशास्त्र, पर्यटन आणि वारसा संवर्धन या तिन्ही क्षेत्रांत केला जातो. तथापि परंपरेचे केवळ बाह्य रूप उचलणे आणि तिच्यामागील हवामानशास्त्रीय तत्त्वे आचरणात आणणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या विषयावरील बहुतेक चर्चा या भेदाभोवती केंद्रित झालेली दिसते.

## प्राचीन ग्रंथांतील आधार

उपचारासाठी कशी वास्तू असावी याचे वर्णन आयुर्वेदाच्या मूळ ग्रंथांत आढळते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात रुग्णासाठी बांधावयाच्या घराची लक्षणे दिली आहेत. ते घर भक्कम असावे, त्यात वाऱ्याचा थेट झोत येऊ नये, मात्र त्याचा एक भाग हवेशीर असावा. आत सहज हिंडता-फिरता यावे. धूर, ऊन, पाणी आणि धूळ यांचा उपद्रव होऊ नये. तसेच पाण्याचा साठा, स्नानगृह, शौचकूप आणि स्वयंपाकघर यांची सोय असावी, असे त्यात सांगितले आहे.

त्याच स्थानातील चौदाव्या अध्यायात स्वेदनाचे, म्हणजे घाम आणण्याच्या उपचारांचे प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकी जेंताक स्वेदासाठी जलाशयाच्या काठी, पाण्यापासून सात-आठ अरत्नी अंतरावर, मातीने लिंपलेले आणि अनेक गवाक्षे असलेले गोलाकार गृह बांधण्यास सांगितले आहे. त्याची उंची व विस्तार सोळा अरत्नी असावा, असा निर्देश आहे. कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतच्या लांबीस अरत्नी म्हणतात. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात रसायनचिकित्सेसाठी 'त्रिगर्भा' कुटीचे वर्णन येते. या कुटीत एकाच्या आत एक अशी तीन दालने असतात, त्यामुळे आतील दालनात बाहेरचा वारा, ऊन आणि गोंगाट पोहोचत नाही.

गृहरचनेच्या बाजूने केरळमध्ये तच्चुशास्त्र ही स्वतंत्र परंपरा विकसित झाली. मनुष्यालयचंद्रिका हा मानवी निवासाविषयीचा ग्रंथ तिरुमंगलत्तु नीलकंठन मूसत यांच्या नावावर आहे. चेन्नास नारायणन नंबूदिरी यांचा तंत्रसमुच्चय हा ग्रंथ प्रामुख्याने देवालयांशी संबंधित आहे. मनुष्यालयचंद्रिकेनुसार जागेचे चार खंड पाडून ईशान्य किंवा नैऋत्य खंडात घर बांधणे योग्य मानले जाते. मोजमापासाठी 'कोल' हे परिमाण वापरले जाते. एक कोल म्हणजे २४ अंगुले असून प्रचलित मापानुसार ते सुमारे ७२ सेंटिमीटर भरते.

## पारंपरिक गृहरचना

नालुकेट्टु या मल्याळम शब्दाचा अर्थ 'चार बांधकामांचे घर' असा होतो. मधल्या मोकळ्या चौकास नडुमुट्टम म्हणतात. त्याच्या चार बाजूंना वडक्किनी (उत्तर), किळक्किनी (पूर्व), तेक्किनी (दक्षिण) आणि पडिंजाट्टिनी (पश्चिम) ही दालने असतात. दोन चौक असलेल्या घरास एट्टुकेट्टु आणि चार चौक असलेल्या घरास पदिनारुकेट्टु म्हटले जाते. स्वयंपाकघर बहुधा उत्तरेकडील बाजूस असते, तर धान्याचे कोठार म्हणजे अरा सामान्यतः पश्चिमेकडील दालनात असते. दर्शनी भागातील ओटीस पूमुखम म्हणतात. तिच्या कडेने पाठीकडे कललेल्या लाकडी गजांची बैठक असते, तिला चारुपडी असे नाव आहे. आवारात पडिप्पुरा (प्रवेशद्वाराची इमारत), विहीर, स्नानाचे तळे (कुळम) आणि सर्पकावु (नागांसाठी राखलेली देवराई) यांचा समावेश असे.

अशी घरे मुख्यतः नायर समाजाची तरवाडे, नंबूदिरी ब्राह्मणांची इल्लम वा मना आणि स्थानिक राजघराण्यांची कोविलकम या स्वरूपात होती. म्हणजेच ती भूधारक वर्गाची घरे होती. सामान्य शेतकरी व मजूर यांची घरे माती, बांबू आणि नारळाच्या विणलेल्या झावळ्या यांची असत. आरोग्यधामांत ज्याला सरसकट 'केरळी घर' म्हटले जाते, ते बहुतांशी पहिल्या प्रकारातले असते.

## हवामान आणि रचनेची तत्त्वे

केरळमध्ये वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवेत बहुतेक काळ दमटपणा असतो. दमट प्रदेशात भिंतींच्या जाडीपेक्षा वाऱ्याचे सततचे वहन अधिक महत्त्वाचे ठरते, कारण घामाचे बाष्पीभवन झाले तरच शरीराला गारवा जाणवतो. पारंपरिक घरात हे पुढील मार्गांनी साधले जाते.

* चौक: ऊन आणि सावली यांतील तापमानाच्या फरकामुळे चौकातील हवा वर चढते आणि भोवतालच्या दालनांतून थंड हवा ओढली जाते. चौकातून अंतर्भागात उजेडही मिळतो.
* छप्पर: तीव्र उतारामुळे पावसाचे पाणी साचत नाही. छताची वळचण भिंतीच्या बरीच बाहेर आलेली असल्याने भिंतीवर ऊन आणि पाऊस दोन्ही पडत नाहीत.
* मुखप्पु: छपराच्या त्रिकोणी टोकाशी असलेल्या लाकडी जाळीतून माळ्यावर साचलेली गरम हवा बाहेर पडते.
* लाकडी तक्तपोशी: कौले आणि खोली यांच्यामध्ये हवेचा थर राहतो. त्यामुळे कौलांची उष्णता थेट खाली येत नाही.
* जाळीदार भिंती: गज आणि जाळ्या यांमुळे वारा येतो, पण प्रखर उजेड आणि बाहेरची नजर अडते. कन्याकुमारी जिल्ह्यातील पद्मनाभपुरम राजवाड्यात या तंत्राचे उत्तम नमुने पाहावयास मिळतात.

या तत्त्वांचा आणि उपचारांच्या गरजेचा मेळ घालणे हा आरोग्यधामाच्या रचनेतील मुख्य प्रश्न आहे. निवासाच्या खोलीला वारा हवा असतो, तर अभ्यंग, पिळिच्चिल किंवा शिरोधारा चालू असताना रुग्णाच्या अंगावर वाऱ्याचा झोत येऊन चालत नाही. त्यामुळे सर्व खोल्या एकाच नमुन्याच्या बांधणे योग्य ठरत नाही. उपचारकक्ष आतल्या बाजूस, ओटी किंवा बोळ मध्ये ठेवून आणि उंचावर झरोके देऊन बांधले जातात. निवासाच्या खोल्या मात्र समोरासमोर खिडक्या ठेवून खुल्या राखल्या जातात. निवात जागा आणि तिचा एक हवेशीर भाग हे चरकसंहितेतील वर्णन या विभागणीशी जुळणारे आहे.

## बांधकाम साहित्य

जांभा: मलप्पुरम जिल्ह्यातील अंगाडिपुरम येथे पाहणी करून फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ मध्ये या दगडास 'लॅटेराइट' हे नाव दिले. हा दगड जमिनीत असताना मऊ असतो आणि चिरे कापून हवेत ठेवल्यावर कठीण होतो. त्याला भाजावे लागत नसल्याने विटेच्या तुलनेत इंधनाचा खर्च वाचतो. मात्र चिरेखाणींमुळे डोंगरउतारांची हानी होते, म्हणून जुन्या बांधकामातील चिरे पुन्हा वापरणे श्रेयस्कर मानले जाते.

लाकूड: साग, फणस आणि आंजिली (रान फणस) ही लाकडे प्रामुख्याने वापरली जात. खाचा व खुंट्या यांच्या साहाय्याने, खिळ्यांचा फारसा वापर न करता जोडकाम केले जाई. त्यामुळे घर सुटे करून अन्यत्र पुन्हा उभारणे शक्य होते.

कौले: बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे यंत्राने कौले बनवण्याचा कारखाना सुरू केला. पुढे कोळिकोडजवळील फेरोकसह अनेक ठिकाणी हा उद्योग वाढला. म्हणजे आज 'पारंपरिक' समजले जाणारे मंगळुरी कौल हे एकोणिसाव्या शतकातील औद्योगिक उत्पादन आहे. त्यापूर्वी गवत, झावळ्या आणि हाताने घडवलेली कौले वापरात होती.

चुना व जमिनी: भिंतींना चुन्याचा गिलावा दिला जाई. तो सिमेंटच्या तुलनेत बाष्प सहज बाहेर जाऊ देतो, त्यामुळे दमट हवामानात भिंती लवकर कोरड्या होतात. नारळाच्या जाळलेल्या करवंट्यांची पूड आणि चुना आदी पदार्थ वापरून केलेल्या काळ्या, गुळगुळीत जमिनी पद्मनाभपुरम येथे आजही टिकून आहेत.

विसाव्या शतकात लॉरी बेकर (१९१७–२००७) या ब्रिटनमध्ये जन्मलेल्या आणि तिरुवनंतपुरम येथे स्थायिक झालेल्या वास्तुविशारदाने स्थानिक साहित्य आणि कमी खर्च यांवर आधारलेली बांधकामपद्धती रूढ केली. घर शक्यतो जवळच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून बांधावे, या महात्मा गांधींच्या विचाराचा त्यांच्यावर प्रभाव होता. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची 'रॅट-ट्रॅप' बांधणी त्यांनी लोकप्रिय केली. तिच्यामुळे विटांची सुमारे २५ टक्के बचत होते आणि पोकळीतील हवेमुळे उष्णतारोधनही होते. तिरुवनंतपुरम येथील सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेचे आवार हे त्यांच्या कामाचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

## आराखड्याचे प्रमुख घटक

### जागा आणि मांडणी

एकच मोठी इमारत बांधण्याऐवजी लहान घरांचा समूह उभारल्यास झाडे राखता येतात आणि जमिनीचा नैसर्गिक उतार कायम राहतो. उपचारकक्ष, स्वयंपाकघर आणि औषधनिर्मितीची जागा परस्परांजवळ ठेवल्यास गरम तेल व काढे लांबवर वाहून न्यावे लागत नाहीत. पंचकर्मानंतर रुग्णास अशक्तपणा जाणवू शकतो. म्हणून निवासापासून उपचारकक्षापर्यंतचा मार्ग छताखालून, सपाट आणि न घसरणारा असणे आवश्यक असते. तेलकट पावलांमुळे गुळगुळीत जमिनी धोकादायक ठरतात, ही बाब पारंपरिक काळी जमीन वापरताना विचारात घ्यावी लागते.

### उपचारकक्ष

केरळीय उपचारांत द्रोणी या लाकडी उपचारशय्येस विशेष महत्त्व आहे. ती परंपरेने एकसंध लाकडातून कोरली जाते. तिच्या कडा उचललेल्या असतात आणि तेल एका बाजूस ओघळून गोळा होते. कक्षात द्रोणीच्या दोन्ही बाजूंना उपचारकांना उभे राहण्याइतकी जागा, तेल तापवण्यासाठी चूल वा शेगडी, धूर बाहेर जाण्याचा मार्ग आणि लगतचे स्नानगृह असावे लागते. कर्किडकम या मल्याळी महिन्यात, म्हणजे साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, उपचार घेण्याची प्रथा असल्याने ऐन पावसाळ्यातही कक्ष कोरडे व उबदार राहणे गरजेचे असते.

### पाणी

छपरावर पडणाऱ्या पाण्याचा साठा हा या प्रदेशातील सर्वांत सुलभ जलस्रोत आहे. ३,००० मिलिमीटर पाऊस गृहीत धरल्यास १०० चौरस मीटर छपरावर वर्षाला ३ लाख लिटर पाणी पडते. त्यातील ८० टक्के गोळा केले तर २ लाख ४० हजार लिटर हाती लागते. प्रत्येकी रोज २०० लिटर वापर धरल्यास चार व्यक्तींना १२० कोरड्या दिवसांसाठी ९६ हजार लिटर पाणी लागते. म्हणजे पाणी पुरेसे असते, परंतु ते चार महिने साठवून ठेवण्याची सोय करणे हा खरा प्रश्न असतो. पारंपरिक तळे आणि विहीर यांचे कार्य येथे स्पष्ट होते. तळ्यात साठलेले पाणी जमिनीत मुरून विहिरीची पातळी टिकवते.

### सांडपाणी आणि ऊर्जा

उपचारांत मोठ्या प्रमाणावर तेल वापरले जाते. ते थेट सांडपाण्यात गेल्यास पाणी जमिनीत मुरण्यास अडथळा होतो आणि शुद्धीकरण यंत्रणा निकामी होऊ शकते. त्यामुळे स्नानगृहांच्या निचऱ्यावर तेल अलग करणारी टाकी बसवून त्यानंतरच पाणी वनस्पतींच्या मुळांद्वारे शुद्ध करणाऱ्या कुंडात वा अन्य यंत्रणेत सोडले जाते. स्वयंपाकघरातील ओला कचरा आणि काढ्यांचा चोथा यांपासून बायोगॅस अथवा कंपोस्ट खत तयार करता येते. गरम पाण्यासाठी सौर उष्णजल यंत्रणा वापरली जाते; पावसाळ्यात ती अपुरी पडत असल्याने पूरक व्यवस्था ठेवावी लागते.

## जुन्या घरांचे स्थलांतर

विसाव्या शतकात केरळमधील मोठी घरे झपाट्याने मोडकळीस आली. त्यामागे सामाजिक व कायदेशीर कारणे होती. मातृवंशीय एकत्र कुटुंबातील मालमत्तेच्या वाटणीस १९२५ चा त्रावणकोर नायर कायदा आणि १९३३ चा मद्रास मरुमक्कत्तायम कायदा यांनी वाट मोकळी केली. १ जानेवारी १९७० पासून लागू झालेल्या जमीन सुधारणांमुळे घरांच्या देखभालीस आधार देणारे खंडाचे उत्पन्न थांबले, तर १९७५ च्या कायद्याने एकत्र कुटुंबपद्धतीच संपुष्टात आणली. एम. टी. वासुदेवन नायर यांच्या 'नालुकेट्टु' (१९५८) या कादंबरीची पार्श्वभूमी याच ऱ्हासकाळाची आहे. वाटणीनंतर अनेक घरे लाकडाच्या किमतीत विकली गेली.

अशी काही घरे विकत घेऊन, प्रत्येक भागास क्रमांक देऊन ती सुटी करण्यात आली आणि पर्यटनस्थळी पुन्हा जोडण्यात आली. कुमरकोम येथील कोकोनट लगून आणि कोवळमजवळील चोवरा येथील सोमतीरम ही या पद्धतीची परिचित उदाहरणे आहेत. पालक्काड जिल्ह्यातील कोल्लंगोड येथील कळरी कोविलकम हे याहून वेगळे उदाहरण आहे. तेथे राजवाडा मूळ जागीच राखून त्याचे आयुर्वेदीय उपचारकेंद्रात रूपांतर करण्यात आले. चेन्नईजवळील मुट्टुकाडु येथे १९९६ मध्ये खुल्या झालेल्या दक्षिणचित्र या संग्रहालयातही केरळमधील जुनी घरे स्थलांतरित करून उभारली आहेत, मात्र त्यांचा हेतू निवासाचा नसून दर्शनाचा आहे.

स्थलांतरामुळे नष्ट होऊ पाहणारे लाकूडकाम वाचते आणि आशारी, म्हणजे पारंपरिक सुतार, यांच्या कौशल्यास काम मिळते. दुसरीकडे घराचा मूळ जागेशी, दिशांशी, तळ्याशी आणि देवराईशी असलेला संबंध तुटतो. त्याचप्रमाणे जुन्या घरांना बाजारभाव मिळू लागल्याने दुरुस्त होण्याजोगी घरेही मोडली जाण्याची शक्यता असते. मूळ जागीच पुनर्वापर करणे हे संवर्धनाच्या दृष्टीने अधिक योग्य समजले जाते.

## नियमन

केरळ शासनाच्या पर्यटन विभागाने आयुर्वेद केंद्रांसाठी 'ग्रीन लीफ' आणि 'ऑलिव्ह लीफ' ही वर्गवारी सुरू केली. राज्यात २००८ पासून कुमरकोम, कोवळम, तेक्कडी आणि वायनाड येथे जबाबदार पर्यटनाचे प्रयोग झाले आणि २०१७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र मिशन स्थापन करण्यात आले. स्थानिक शेतमाल व हस्तव्यवसाय यांना पर्यटनव्यवसायाशी जोडणे हा त्याचा एक उद्देश आहे. इमारतींच्या मूल्यमापनासाठी भारतात 'गृह' ही मानांकन पद्धती उपलब्ध आहे.

किनारा आणि खाजणालगतच्या बांधकामांवर किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या १९९१, २०११ आणि २०१९ च्या अधिसूचना क्रमाक्रमाने लागू झाल्या. वेंबनाड सरोवर २००२ पासून रामसर पाणथळ क्षेत्र आहे. त्यातील नेडियतुरुत्तु बेटावर नियमांचा भंग करून बांधलेले आलिशान रिसॉर्ट पाडण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये कायम केला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ते पाडण्यास प्रारंभ झाला. बांधकामाची शैली कोणतीही असली तरी चुकीच्या जागी उभारलेली वास्तू शाश्वत ठरू शकत नाही, हे या प्रकरणातून अधोरेखित झाले.

## टीका

या आरोग्यधामांवर प्रामुख्याने पुढील आक्षेप घेतले जातात.

* काँक्रीटच्या सपाट छतावर शोभेपुरती कौले बसवून, खिडक्या बंद ठेवून वातानुकूलन केल्यास पारंपरिक रचनेचा कोणताही लाभ मिळत नाही.
* मोठ्या प्रमाणावर नवे सागवान वापरल्यास 'स्थानिक साहित्य' या दाव्याला अर्थ उरत नाही.
* तरणतलाव, हिरवळी आणि रोजची धुलाई यांमुळे उन्हाळ्यात गावाच्या भूजलावर ताण येतो.
* उपचारांचा खर्च सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर जातो आणि चिकित्सेचे रूपांतर सुखोपभोगात होते. याउलट १९०२ मध्ये पी. एस. वारियर यांनी स्थापन केलेल्या कोट्टक्कल येथील आर्य वैद्य शाळेसारख्या संस्थांची परंपरा रुग्णसेवेची आहे.

## महाराष्ट्र आणि गोवा

कोकण व गोव्याचे हवामान केरळशी बरेचसे मिळतेजुळते असल्याने तेथील पारंपरिक घरांतही जांभ्याचे चिरे, मंगळुरी कौले, पडवी आणि उतरते छप्पर आढळते. गोव्यातील जुन्या हिंदू घरांतील राजांगण हे नडुमुट्टमसारखेच कार्य करते. देशावरील वाड्यांतही चौक असतो. परंतु तेथील हवा कोरडी असल्याने जाड भिंतींना अधिक महत्त्व येते. त्यामुळे केरळी नमुना जसाच्या तसा देशावर उभारणे हवामानाच्या दृष्टीने योग्य ठरत नाही.

निवासी आरोग्यकेंद्रांची परंपरा महाराष्ट्रातही जुनी आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली. महात्मा गांधींनी १९४६ मध्ये पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराचे कार्य सुरू केले आणि त्यातून तेथील निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. साधेपणा आणि ग्रामीण रुग्णांची सेवा हा त्या कार्याचा पाया होता.

## हेही पाहा

* नालुकेट्टु
* पंचकर्म
* चरकसंहिता
* लॉरी बेकर
* जांभा खडक
* वाडा (वास्तू)